प्रसिद्धी-चिटणीसपदाची उमेदवारी

विद्यार्थ्यांच्या एखाद्या मंडळाची निवडणूक म्हटली की आपले लक्ष साहजिकच अध्यक्षपदाकडे जाते. त्याच्या खालोखाल कार्यवाह येतो, आणि पैशाचा व्यवहार ज्याच्या हाती तो कोषाध्यक्ष. ही मानाची नावे संपली की मतपत्रिकेच्या तळाशी आणखी एक पद असते. आपल्याकडे त्याला प्रसिद्धी-चिटणीस म्हणतात. इंग्लंडातल्या विद्यापीठांत त्यालाच कम्युनिकेशन्स ऑफिसर म्हणतात. सभेची सूचना काढायची, कार्यक्रमाची वार्ता सभासदांपर्यंत पोहोचवायची, आलेल्या पत्रांना उत्तरे द्यायची आणि आजच्या काळात मंडळाचे ई-मेल, व्हॉट्सॲप आणि संकेतस्थळ सांभाळायचे, एवढे त्याचे काम. हे पद मिळावे म्हणून कोणी रात्रीचा दिवस करील असे आपल्याला वाटत नाही. पुष्कळदा ते ज्याचे अक्षर बरे किंवा ज्याला चित्रे काढता येतात, त्याच्या गळ्यात पडते.

आज मी या दुर्लक्षित पदाविषयी आणि विशेषतः त्या पदासाठी उभे राहण्याविषयी चार शब्द बोलणार आहे. मंडळाचा कारभार सभासदांच्या हाती राहतो की चार-दोन माणसांच्या, हे अध्यक्षाच्या वक्तृत्वापेक्षा या शेवटच्या पदावरील माणसाच्या सचोटीवर अधिक अवलंबून असते, असे मला वाटते. ज्याला सभा कधी आहे हे ठाऊक नाही, त्याच्या मताधिकाराला काय अर्थ उरतो?

प्रथम शब्दाकडे पाहू. चिटणीस हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याची फोड करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. चिठ्ठी आणि नवीस या दोन शब्दांपासून तो झाला. नवीस हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ लिहिणारा. शिवछत्रपतींच्या दरबारी बाळाजी आवजी हे चिटणीस होते, आणि राज्याचा पत्रव्यवहार त्यांच्या लेखणीतून होत असे. याच दरबारात वाकनीस नावाचा दुसरा अधिकारी होता. त्याचे मूळ नाव वाकेनवीस, म्हणजे घडलेल्या गोष्टी लिहून ठेवणारा. अष्टप्रधानांत त्याचे स्थान होते आणि पुढे त्याला मंत्री हे संस्कृत नाव मिळाले. म्हणजे चिटणीस धन्याच्या वतीने लिहितो, आणि वाकनीस घडले ते घडले तसे टिपून ठेवतो. एकाच्या लेखणीला धन्याची बाजू मांडावी लागते; दुसऱ्याच्या लेखणीला फक्त घटनेशी इमान राखावे लागते.

विद्यार्थी मंडळाच्या प्रसिद्धी-चिटणिसाला ही दोन्ही कामे एकट्याने करावी लागतात, आणि त्याच्या पदातली खरी अडचण इथेच आहे. बाहेरच्या जगापुढे त्याने मंडळाची बाजू मांडावी, यात वावगे काही नाही. परंतु आपल्याच सभासदांना सांगताना त्याने वाकनीस व्हायचे की चिटणीस? आणि चिटणीस व्हायचे, तर धनी कोणाला मानायचे? कार्यकारी समितीला, की ज्यांच्या वर्गणीवर मंडळ चालते त्या सभासदांना? उमेदवाराने अर्ज भरण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या मनाशी निश्चित करून ठेवलेले बरे.

महाराष्ट्रात शिकलेल्या माझ्या वयाच्या पुष्कळ माणसांना अशा निवडणुकीचा अनुभवच नाही. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याप्रमाणे वर्गात गुणानुक्रमे पहिला येणारा विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी होई. महाविद्यालयीन निवडणुकांत पूर्वी शिरलेली हिंसा आणि पैसा यांवर तो उपाय होता, आणि त्याला कारणेही तशीच होती. परंतु त्या उपायाने आमच्या पिढीचे एक शिक्षण राहून गेले. आम्हांला गुण मिळवता आले. समवयस्कांपुढे उभे राहून 'मला मत द्या, आणि का द्यावे ते ऐका' असे म्हणता आले नाही. २०१६ च्या नव्या कायद्याने विद्यार्थी परिषदांच्या थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. सबंध देशापुरते पाहिले तर माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००६ साली आपला अहवाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्यातील शिफारशी लागू केल्या. उमेदवाराने ५,००० रुपयांहून अधिक खर्च करू नये, छापील भित्तिपत्रके लावू नयेत, हाताने केलेलीच लावावीत, आणि निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत खर्चाचा हिशेब द्यावा, असे त्यात सांगितले आहे. हाताने केलेल्या भित्तिपत्रकाची अट मला विशेष आवडते. छापखान्याला पैसे देऊन हजार पत्रके काढणारा आणि रात्री जागून स्वतः दहा पत्रके रंगवणारा, यांत दुसऱ्याला आपण काय लिहीत आहोत याचा विचार करण्यास अधिक सवड मिळते.

आता एक उदाहरण सांगतो. माझी एक भाची इंग्लंडच्या उत्तर भागातील एका विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेत होती. तेथे भारतीय विद्यार्थ्यांचे एक मंडळ आहे. दुसऱ्या वर्षाला असताना तिने त्या मंडळाच्या कम्युनिकेशन्स ऑफिसरच्या जागेसाठी अर्ज भरला. त्या निमित्ताने तिकडची रीत मला जवळून पाहायला मिळाली.

ब्रिटनमध्ये १९९४ साली झालेल्या शिक्षणविषयक कायद्यात विद्यार्थी संघांसंबंधी एक कलम आहे. संघाच्या प्रमुख पदांची निवड गुप्त मतदानाने व्हावी, निवडणूक न्याय्य रीतीने पार पाडली जाते याकडे विद्यापीठाने लक्ष द्यावे, आणि पगारी पूर्णवेळ पदावर कोणाही विद्यार्थ्याने एकूण दोन वर्षांहून अधिक काळ राहू नये, असे त्यात म्हटले आहे. संघाच्या छत्राखाली जी शेकडो लहान मंडळे असतात, तीही सामान्यतः त्याच वळणाने चालतात. उमेदवाराने एक छोटासा जाहीरनामा लिहायचा, सभासदांपुढे दोन-तीन मिनिटे बोलायचे आणि प्रश्नांना उत्तरे द्यायची. मतदाराने उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत असतात तसे. शिवाय प्रत्येक मतपत्रिकेवर शेवटी एक अदृश्य उमेदवार असतो. त्याचे नाव 'उमेदवारी अर्ज पुन्हा मागवा'. त्याला सर्वांहून अधिक मते पडली तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. आपल्याकडे २०१३ पासून मतदानयंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय आला. पण लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत त्याला सर्वाधिक मते पडली, तरी त्याच्या खालोखालचा उमेदवार निवडून येतोच. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता मात्र वेगळा नियम केला: तो पर्याय पुढे राहिला तर फेरनिवडणूक. या अदृश्य उमेदवाराचा फायदा असा की, एकच अर्ज आला तरी त्या अर्जदाराला निर्धास्त राहता येत नाही. बिनविरोध निवडून येण्यासाठीसुद्धा त्याला सभासदांचा विश्वास मिळवावा लागतो.

एका रविवारी भाचीचा दूरध्वनी आला. "मामा, माझ्या जाहीरनाम्यात सात कलमे झाली आहेत. वाचून दाखवू का?" तिने वाचून दाखवली. मंडळासाठी नवे बोधचिन्ह, रोज एक छायाचित्र, दिवाळीच्या कार्यक्रमाची चित्रफीत, दर महिन्याला एक पत्रिका, इतर मंडळांशी संपर्क आणि अशाच आणखी दोन गोष्टी. सगळे नेटके होते. मी विचारले, "यांतले सभासदांनी तुझ्याकडे मागितले आहे असे काय काय आहे?" ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "मागितलेले निराळेच आहे, मामा."

ते निराळे असे होते. आदल्या वर्षी मंडळाच्या वार्षिक सभेची सूचना सभेच्या आदल्या रात्री निघाली, आणि तीही व्हॉट्सॲपच्या ज्या गटावर मुख्यतः समितीतील मंडळींचे मित्र होते त्या गटावर. सभेला थोडी माणसे आली. त्यांनी नवी समिती निवडली आणि वर्गणी वाढवली. दुसऱ्या दिवशी बाकीच्या सभासदांना दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नव्हे. परीक्षा जवळ आल्या होत्या, सूचना कोणी काढायची याबद्दल गोंधळ झाला, आणि राहून गेले. पण ज्यांचे पाकीट आधीच हलके होते अशा मुलांना वाढीव वर्गणीची बातमी ठरावानंतर मिळाली. त्यांतल्या काहींनी मंडळ सोडले.

"मग हे तुझ्या जाहीरनाम्यात का नाही?" मी विचारले.

"मैत्रिणी म्हणतात, लिहू नकोस. समितीतली मुले दुखावतील, आणि निवडून आले तर वर्षभर त्यांच्याचबरोबर काम करायचे आहे. तुला काय वाटते, मामा?"

सरकारी नोकरीत सल्ला देण्याआधी कागद दुसऱ्या टेबलाकडे पाठवण्याची सवय लागते. मीही तेच केले. म्हटले, "तू ज्यांची मते मागते आहेस, त्यांनाच विचार."

तिने वसतिगृहात हिंडून पंधरा-वीस सभासदांना विचारले आणि सातांची तीन कलमे केली. पहिले, प्रत्येक सभेची सूचना विषयपत्रिकेसह सात दिवस आधी सर्व सभासदांना ई-मेलने जाईल. दुसरे, समितीच्या बैठकीत काय ठरले ते एका पानात, साध्या भाषेत, तीन दिवसांच्या आत कळवले जाईल. तिसरे, कोणाही सभासदाला मंडळाच्या कामाविषयी काही सर्वांना सांगायचे असेल, तर समितीच्या निवेदनाइतकीच जागा त्याला मिळेल. आदल्या वर्षी काय घडले ते तिने कोणाचे नाव न घेता एका वाक्यात लिहिले. शिवाय, सात दिवसांच्या सूचनेविषयी एक ठरावही तिने सामान्य सभासद या नात्याने वार्षिक सभेसाठी आधीच देऊन ठेवला.

तिच्याविरुद्ध उभा असलेला मुलगा गुणी होता. छायाचित्रे उत्तम काढी, बोलण्यात हजरजबाबी होता, आणि समाजमाध्यमांवर त्याचा मोठा चाहतावर्ग होता. उमेदवारांच्या सभेत कोणीतरी दोघांना विचारले, "समितीचा एखादा निर्णय तुम्हांला चुकीचा वाटला, तर काय कराल?" त्या मुलाने सांगितले की आत कितीही मतभेद असले, तरी बाहेर समितीची बाजू एका सुराने मांडणे हे माझे काम. भाची म्हणाली, "निर्णय समितीचा, बातमी सभासदांची. मला निर्णय पटो वा न पटो, तो काय झाला आणि का झाला हे मी त्याच दिवशी कळवीन."

दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. समितीतल्या प्रत्येकाने आपापले मतभेद चव्हाट्यावर मांडायचे ठरवले तर कोणतेही मंडळ चालणार नाही. संयुक्त जबाबदारी हे तत्त्व मंत्रिमंडळालाच नव्हे, लहान संस्थांनाही लागू पडते. परंतु एका सुराने बोलणे वेगळे आणि मुळीच न बोलणे वेगळे. निर्णयावरचे माझे खाजगी मत मी गिळावे, हे संयुक्त जबाबदारीत बसते. निर्णयच गिळावा, हे बसत नाही. त्या मुलानेही काही लपवीन असे म्हटले नव्हते. पण बाजू मांडण्याची सवय लागली की, ज्या बातमीला बाजूच नसते ती पाठवायची राहून जाते.

भाची थोड्या मतांनी हरली. निकाल जाहीर झाला त्याच सभेत पुढे तिचा ठराव चर्चेला आला, आणि निवडून आलेल्या मुलाने त्याला अनुमोदन दिले. ठराव मंजूर झाला. पुढच्या वर्षी सूचना काढण्याचे काम त्या मुलाने केले, आणि वेळेवर केले. पद एकाला मिळाले, नियम सर्वांना मिळाला. उमेदवारीचे फळ केवळ निकालाच्या आकड्यांत मोजायचे नसते, ते एवढ्यासाठी.

या ठिकाणी एक शंका निघू शकते. हे पद बोलण्या-लिहिण्याचे आहे. तेव्हा ज्याला चारचौघांत बोलता येत नाही त्याने त्याच्या वाटेला जावे का? मला वाटते, जरूर जावे. मोहनदास गांधी कायद्याच्या शिक्षणासाठी १८८८ ते १८९१ या काळात लंडनला होते. तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारी समितीवर त्यांची निवड झाली, पण बैठकीत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. डॉक्टर ॲलिन्सन नावाच्या एका सभासदाला त्याच्या संततिनियमनविषयक मतांसाठी मंडळातून काढावे असा प्रश्न आला. गांधींना ती मते पटत नव्हती, पण त्या मतांसाठी माणसाला शाकाहारी मंडळातून काढणे अन्यायाचे वाटत होते. त्यांनी आपले म्हणणे लिहून नेले. तेही त्यांना वाचून दाखवता आले नाही, दुसऱ्या कोणीतरी वाचले. ॲलिन्सन यांची बाजू पडली. पण न बोलता येणाऱ्या त्या तरुणाचे मत सभेपुढे आले, कारण ते लिहिलेले होते. याच काळात त्यांनी आपल्या राहत्या भागात, बेजवॉटर येथे, एक लहानसे शाकाहारी मंडळ काढले आणि त्याचे चिटणीसपद स्वतःकडे घेतले. पुढे १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली, तेव्हाही ते तिचे चिटणीस होते. प्रत्येक रकमेची पावती दिलीच पाहिजे असा त्यांचा कटाक्ष असे, आणि त्या पहिल्या वर्षाच्या हिशेबाच्या वह्या पुढे कितीतरी वर्षे जशाच्या तशा राहिल्याचे त्यांनी आत्मचरित्रात समाधानाने लिहिले आहे. ज्या माणसाच्या शब्दावर पुढे सारा देश उठला, त्याची उमेदवारी पावत्यांवर आणि सभावृत्तांतांवर झाली होती.

पंडित नेहरूंचीही गोष्ट अशीच. केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात असताना ते तेथील एका वादसभेचे सभासद होते. सबंध सत्रात एकदाही न बोलणाऱ्या सभासदाला दंड भरावा लागे, आणि आपण तो अनेकदा भरला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. तेव्हा व्यासपीठावर पाय लटपटतात म्हणून या पदाचा अर्ज मागे घेण्याचे कारण नाही. सभेची वेळ, जागा आणि विषय अचूक लिहिणे हेही वक्तृत्वच आहे. आणि त्याला टाळ्या मिळत नसल्या, तरी त्यावाचून पुढचे कोणाचेही वक्तृत्व ऐकायला माणसे येत नाहीत.

विद्यार्थी मंडळाच्या हातून केवढे काम होऊ शकते, याचे उदाहरण तर आपल्या मुंबईतच आहे. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन झाली. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड अशी पुढे नावारूपाला आलेली मंडळी तिच्या कामात होती. आपसात इंग्रजीतून निबंध वाचून ती थांबली असती, तर तिची आठवण आज कोणाला राहिली नसती. पण तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेतून १८५० साली 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक सुरू झाले. १८४९ मध्ये या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या, आणि त्यासाठी घरोघर जाऊन आईबापांची समजूत घातली. त्या वेळी प्रसिद्धी-चिटणीस असे पद नव्हते. पण ज्याला सांगायचे त्याच्या भाषेत आणि त्याच्या दारी जाऊन सांगायचे, हे या पदाचे मर्म त्यांनी ओळखले होते. आजचा विद्यार्थी एका कळीसरशी पाचशे माणसांना संदेश पाठवतो; परंतु त्यातल्या किती जणांपर्यंत तो पोहोचला, हे पाहण्याची जबाबदारी त्या कळीने संपत नाही. गटावर संदेश टाकला म्हणजे सभासदाला कळवले, ही आजच्या काळातली सर्वांत सोयीस्कर समजूत आहे.

आता या पदातील मोहांविषयी. कोषाध्यक्षाच्या हाती पैसा असतो, आणि त्याचा हिशेब तपासला जातो. प्रसिद्धी-चिटणिसाच्या हाती सभासदांची यादी आणि मंडळाच्या सर्व खात्यांच्या किल्ल्या असतात, आणि त्यांचा हिशेब सहसा कोणी विचारत नाही. पुढच्या निवडणुकीत तो स्वतः किंवा त्याचा मित्र उभा राहिला, तर ही यादी प्रचाराला वापरण्याचा मोह होतो. मंडळाच्या कामासाठी दिलेला पत्ता हा सभासदाने विश्वासाने ठेवलेला ठेवा आहे. आपल्या देशातही २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यामागचे तत्त्व हेच. दुसरा मोह स्वतःच्या छबीचा. मंडळाच्या पानावर मंडळ कमी आणि चिटणीसच अधिक दिसू लागला, की समजावे गाडी रुळांवरून उतरली.

शासकीय कचेरीत बदली झालेला अधिकारी जाताना कार्यभार सोपवतो. कपाटे किती, नस्त्या किती, कोणती प्रकरणे अर्धी राहिली आहेत, याची यादी होते आणि दोघांच्या सह्या होतात. लोक या कागदी सोपस्काराची चेष्टा करतात, पण विद्यार्थी मंडळांना त्याची फार गरज आहे. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातात, आणि कित्येक मंडळांची खाती परवलीच्या शब्दासह त्यांच्याबरोबर निघून जातात. मागून येणारा बिचारा नवे खाते काढतो, आणि जुन्या वर्षांचा इतिहास कुलूपबंद राहतो. म्हणून या पदाच्या उमेदवाराने आपण काय करणार हे सांगतानाच, जाताना काय सोपवून जाणार हेही सांगावे.

आमच्या प्रशासनालाही या बाबतीत धडा घ्यावा लागलेला आहे. महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा आपला कायदा आणला, आणि २००५ साली केंद्राचा कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमात एक फार शहाणपणाची गोष्ट आहे: नागरिकाने अर्ज करण्याची वाट न पाहता कचेरीने आपण होऊन जास्तीत जास्त माहिती प्रसिद्ध करावी. मागितल्यावर देणे हे कर्तव्य खरेच. पण मागण्याची वेळच येऊ न देणे हे त्याहून वरचे. हे कलम ज्याने विद्यार्थिदशेत प्रसिद्धी-चिटणीस म्हणून वर्षभर पाळले, तो पुढे कोणत्याही खुर्चीवर बसला तरी माहिती मागणाऱ्याला शत्रू समजणार नाही. या लहान निवडणुकांना मी महत्त्व देतो ते याच कारणासाठी. त्यांतून पुढारी निर्माण होतात की नाही हे मला सांगता येणार नाही. पण माहिती ही आपली मालमत्ता नसून ठेव आहे, एवढे शिकलेली माणसे निर्माण होऊ शकतात.

तेव्हा या जागेसाठी जो कोणी उभा राहील, त्याला मतदारांनी काही सरळ प्रश्न विचारावेत. सभेची सूचना किती दिवस आधी काढशील? आम्हांला न आवडणारी बातमीही आवडणाऱ्या बातमीइतक्याच ठळकपणे देशील का? तुझ्यावर टीका करणाऱ्या सभासदाचे पत्र प्रसिद्ध करशील का? आणि निघताना किल्ल्या कोणाच्या हाती देशील? बोधचिन्हाचा रंग कोणता असावा, हा प्रश्न त्यानंतरचा. पण मतदारांवरही एक जबाबदारी येते. आलेली सूचना वाचायची नाही आणि मागाहून आम्हांला कळवलेच नाही म्हणायचे, ही सवय उत्तम चिटणिसालाही निरुत्साही करते.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांचे विद्यार्थिजीवन मागे पडले आहे. पण मंडळे आपल्याला सोडत नाहीत. देशातल्या ज्या ज्या शहरी मराठी माणूस गेला तेथे त्याने महाराष्ट्र मंडळ काढले, गणेशोत्सव सुरू केला, ग्रंथालय चालवले. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सर्वसाधारण सभेसाठी चौदा दिवसांच्या पूर्वसूचनेची तरतूद आहे; ती कोठे पाळली जाते आणि कोठे जिन्याखालच्या फलकावर आदल्या संध्याकाळी कागद चिकटतो, हे ज्याचे त्याला ठाऊक. या सर्व संस्थांत अध्यक्षपदासाठी चुरस असते, आणि सूचना काढणारा मनुष्य मात्र हातापाया पडून मिळवावा लागतो.

पुढच्या निवडणुकीत एखादा तरुण किंवा तरुणी आपण होऊन त्या शेवटच्या जागेसाठी अर्ज घेऊन आली, तर तिला हलक्या पदाची हौस आहे असे समजू नका. तिचा जाहीरनामा नीट वाचा. त्यात 'सात दिवस आधी' असे तीन शब्द असतील, तर तिला अवश्य मत द्या.